टाकीवरचा कॅमेरा आणि आमची माडी

मौजा पेंढरटोला, ता. सावली
फेब्रुवारी २००८

चि. विक्कीराव जवाईबापू यांना सरपंच भैयाजींचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमची तब्येत बरी असेल. सौ. दिव्यानीचा खोकला गेला का? (तिला म्हणावं, पाणी उकळून पी. माहेरचं पाणी मी सरपंच झाल्यापासून न उकळता चालते असं मी भाषणात सांगतो, पण इथे आली की तिने उकळूनच प्यावं.) तुमच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या रुखमाबाईला, गुडघ्याचा त्रास आहे, आणि तो वाढायला तुम्ही जबाबदार आहात. कसे ते पुढे लिहितो.

गेल्या होळीला तुम्ही आलात तेव्हा ते यंत्र घेऊन आलात. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, वायरने कॅमेऱ्याला जोडायचं, किती किती वेळाने फोटो काढायचा ते एकदा सांगून ठेवलं की ते स्वतःच बटण दाबत बसते. तुम्ही लॅपटॉपवर आमच्याच तळ्यावरचं आभाळ दाखवलं. ढग असे पळत होते जशा कोणी बकऱ्या हाकलल्या. पळसाची कळी डोळ्यांदेखत फुलली. मी तिथेच ठरवलं. गावात नुकतंच सभागृह मंजूर झालं होतं. म्हटलं, आभाळ एवढं धावते, कळी एका दमात फुलते, तर सरकारी सभागृह काऊन नाही धावणार? म्हणून तुमच्याकडून यंत्र आणि जुना कॅमेरा दोन्ही ठेवून घेतलं.

सावलीचा सरफराज फोटोवाला आणला. (तुमच्या लग्नात नवरीपेक्षा नवरीच्या मामीचे फोटो जास्त काढले होते, तोच.) पाण्याच्या टाकीवर पत्र्याच्या डब्यात कॅमेरा बसवला, डब्याला काच लावली, वायर पंपाच्या खोलीतून घेतली. यंत्राला दर पंधरा मिनिटांनी एक फोटो काढायला सांगितलं. सरफराज खाली उतरला आणि म्हणाला, "भाऊ, मांगं तुमचं घर बी येऊन राह्यलं फोटोत. कॅमेरा थोडा वळवू का?"

मी म्हटलं, "येऊ दे ना बे! सरपंचाचं घर दिसलं तं गावाचीच शोभा वाढते."

हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे.

पुढे मी ते यंत्र विसरलो. माणूस विसरतोच. पाळतीवर माणूस ठेवला तर तोही जेवायला जातो, झोपतो, चहा पाजला की तोंड दुसरीकडे फिरवतो. हे यंत्र चहा पीत नाही, एवढं तरी तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं, जवाईबापू.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला सभापतीसाहेब येणार होते. सभागृह पूर्ण झालं नव्हतं (झालं नव्हतं हा शब्द मी मोठ्या मनाने वापरतो), पण काम जोरात चालू आहे हे दाखवायचं होतं. शाळेच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, चादर टांगली. सरफराज टाकीवरचे फोटो जोडून केलेला सिनेमा आणि प्रोजेक्टर घेऊन ऐन वेळी आला. रुखमाबाई म्हणते, तुम्ही आधी एकदा पाहून घ्यायचं होतं. मला वेळ कुठे होता? माडीवर रंगारी लागले होते, त्यांच्यामागे कोणी उभं राहायचं?

सिनेमा सुरू झाला. भूमिपूजनाचा नारळ फुटला, टाळ्या पडल्या. पायवा खोदला. मग भिंत आली, खिडकीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मागे आमच्या घरावर मात्र खांब उगवले. छत पडलं. माडी चढली. समोर सभागृहाच्या विटांचा ढीग बुटका होत गेला आणि मागे आमची गॅलरी उंच होत गेली. मधून ट्रॅक्टर असा पळत होता जसा उंदीर: तोंड कधी इकडे, कधी तिकडे. (ट्रॅक्टर वळवायला जागा लागते, हे कोणी लक्षात घेत नाही. आणि विटा सगळ्या लालच असतात.) मग पावसाळा आला. सभागृहाची भिंत आडवी झाली, तिच्यावर बकऱ्या चढल्या. शेवटी मागे आमच्या माडीला गुलाबी रंग लागला, आणि सिनेमा संपला.

मग मुखरू उठला. (मागच्या निवडणुकीत माझ्याकडून पडलेला.) म्हणाला, "भैयाजी, आमी उगाच समोर पाहून राह्यलो जी. सभागृह तं मांगं बांधलं तुमी!"

मग जे हसले लोक! सभापतीसाहेबांनी रुमालाने डोळे पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. लोकांनी तर तिसऱ्यांदाही पाहिलं. तिसऱ्या वेळी माडीवर छत पडलं तेव्हा टाळ्या वाजल्या.

माझे कान गरम झाले, पण मी हसत उभा राहिलो. राजकारणात तेवढं येते. खरा घाव गुलाबबाईने घातला. ती बचत गटाची अध्यक्ष. ती म्हणाली, "बांधकाम मस्त झालं, भाऊ. आता आमाले बसाले जागा नाई. खालचं सभागृह होतपर्यंत सभा तुमच्याच माडीवर घेऊ." हात वर झाले. ठराव पास झाला. मोजताना मी पाहिलं, तुमच्या सासूबाईंचाही हात वर होता.

आता हे पत्र मी खालच्या खोलीत बसून लिहितो आहे. वर बचत गटाची सभा चालू आहे. काल पोलिओचे डोस झाले. परवा मुखरूच्या पुतणीचा साखरपुडा आहे, तोही वरच. रुखमाबाई दिवसभर चहाची केटली घेऊन जिना चढते-उतरते, त्याने गुडघा धरला. पण तक्रार करत नाही. उलट म्हणते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कोणी हसून बोलून राह्यलं.

बाकी तुमच्या आईवडिलांना आमचा नमस्कार सांगा, आणि सासऱ्याचा राग धरू नका.

तुमचा सासरा,
भैयाजी

ता. क. : यातलं दिव्यानीला काही सांगू नका. मुखरूच्या सुनेने फोनवर तिला सगळं सांगितलंच असेल, तरी तुम्ही सांगू नका.

ता. क. दुसरा : पुढच्या आठवड्यात चौकशीला साहेब येत आहेत आणि त्यांना तो सिनेमा पाहिजे. सरफराज द्यायला निघालाच होता, मी कसाबसा थांबवला. तर खरं काम हे : तुमच्या लॅपटॉपवर तो उलटा चालवता येईल का? म्हणजे आधी आमची गुलाबी माडी दिसेल, मग एकेक खांब करत ती उतरेल, विटा ट्रॅक्टरमध्ये बसून सभागृहाकडे जातील आणि पडलेली भिंत आपोआप उभी राहील. सरपंचाने स्वतःचं घर मोडून गावाला विटा दिल्या, असं त्यातून स्वच्छ दिसते. बकऱ्या मागे मागे चालतील, पण साहेब शहरातले आहेत.

ता. क. तिसरा : रुखमाबाईने आत्ताच हे पत्र वाचलं. ती म्हणते, "सुलटं लावा नाई तं उलटं लावा, तुमी आंगणात खुर्ची टाकून बसलेलेच दिसता. हात बी हालत नाई." म्हणून आणखी एक विचारतो. त्यातून मला तेवढं काढून टाकता येईल का? मला काढून टाकावं असं इथे गावही म्हणून राह्यलं, पण ते सिनेमाबद्दल नाही.