दादाची पिवळी नळी

७ मार्च १९८३
आजपासून परळच्या लॅबमध्ये शौचाचे नमुने. माझ्याच नशिबी! आतड्यातले जंतू हळदीचं काय करतात, ते रघुवीर सरांना बघायचंय. नमुना कालवायचा, हळदीचा अर्क घालायचा, नळी घट्ट बंद करून अंगाइतक्या उबेत दोन दिवस ठेवायची. जंतू हळद मोडतात, पिवळा रंग उतरतो. एक नमुना उकळून ठेवलाय – त्यातले जंतू मेलेले, तो पिवळाच राहणार.

घरच्याही दोन डब्या नेल्या, माझी आणि दादाची. आईनं नाक मुरडलं. दादा म्हणाला, "गिरणीच्या संपात दुसरं काय उरलंय द्यायला? ने."

९ मार्च
माझी नळी फिकी. दादाची पिवळीजर्द, उकळलेल्यासारखी. सर माझ्यावरच करवादले. पुन्हा लावली.

१२ मार्च
पुन्हा पिवळीच. सर म्हणाले, "हा कसलं तरी जालीम औषध घेतोय. जंतूच मेलेत."

दादा आणि औषध? खोकल्यावर आई रात्रीचं हळदीचं दूध देते, तेवढंच. घरी येऊन सरळ त्याची मिलची पिशवी उपडी केली. क्षयाच्या गोळ्या! दवाखान्याचा कागद जानेवारीचा. दादानं गोळ्या परत पिशवीत भरल्या. मग म्हणाला, "मालन, आईला सांगू नको. चाळीत कळलं तर आपला पेलासुद्धा वेगळा ठेवतील."

रडू आलं, त्याहून राग आला. दवाखान्यात जाऊन विचारलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वर्षभर घ्यायच्या; बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, मग गोळ्याही लागू पडत नाहीत.

१५ मार्च
रोज सकाळी विचारते, घेतली? आज वैतागला. "पहारा नको ठेवूस. मी काय लहान आहे?" बरं, नाही विचारत.

२ एप्रिल
दादाचा खोकला थांबला. अंगही भरलंय. आई सगळ्या मजल्यावर सांगत फिरतेय. दादाला म्हणाली, "हळदीनच बरो झालंस मा." तो नुसता हसला. मीही बोलले नाही. तिला तेवढंच समाधान.

२० एप्रिल
सरांना ताडून बघायला दादाचा नमुना परत हवाय. त्यानं कुरकूर न करता दिला.

२२ एप्रिल
दादाची नळी फिकी पडली, अगदी माझ्यासारखी. सर खूश. "आता कसा सगळ्यांसारखा आला!"

गोळ्या सोडल्यात त्यानं.