गॅसवर माझी नजर आहे

३ मार्च
चीफ इंजिनियर एप्रिलअखेर रिटायर होतायत. त्यांच्या खुर्चीत बसायला या इमारतीत माझ्याशिवाय आहे कोण? मॅनेजर मॅडम म्हणाल्या, उन्हाळाभर चिलर एकदाही बंद पडू देऊ नका, मग बघू. बघायचंय काय त्यात! सगळ्या मजल्यांवर एसीचं थंड पाणी खेळवणाऱ्या त्या तळघरातल्या धुडावर माझ्याइतका जीव कुणाचाच नाही. संकल्प: मेंटेनन्स स्वतःच्या हातात घेणे.

४ मार्च, सकाळी
प्लँटची फेरी मारली आणि शिसारी आली. गच्चीवर कूलिंग टॉवरच्या टाकीत शेवाळ, शेवाळात मेलेलं कबूतर. तळघरात पंपाखाली तेलकट चिखल आणि त्यात कुणाचा तरी अर्धवट खाल्लेला केक. दोन ऑपरेटर, दोघांचीही तोंडं मोबाइलमध्ये. चिलरचा गॅस शेवटचा कधी तपासला, विचारलं. म्हणाले, पॅनेलवर दिसतो की सर. पॅनेलवर म्हणे! मी स्वतः सर्व्हिस व्हॉल्व्हला होज जोडून दाब मोजणारा गेज लावला. गॅस बरोबर निघाला. आत्तापुरता. यापुढे रोज सकाळी गेज लावणे.

९ मार्च
वार्षिक सर्व्हिसिंग. सर्व्हिस कंपनीला आख्ख्या जगात माझाच मेहुणा सापडला. बायकोचा धाकटा भाऊ. ग्रीसने बरबटलेल्या हातांनीच माझ्या डब्यातलं उकडलेलं अंडं उचललं, खाल्लं आणि हात माझ्याच टॉवेलला पुसले. कॉम्प्रेसरचं तेल बदललं, फिल्टर बदलला, गॅस मोजून पुरा केला. जाताना म्हणाला, भाऊजी, सगळं ओके आहे, आता उगाच हात लावू नका. हे मला! याला पाना धरता येत नव्हता तेव्हापासून मी चिलर बघतोय.

१६ मार्च
गॅस किंचित कमी. वाटलंच होतं. आता दिवसातून दोनदा तपासणे. होज काढताना थोडा गॅस फुस्सकन जातो, ते चालायचंच. सर्व्हिस व्हॉल्व्हवरची पितळी टोपणंही काढून ठेवली. दर वेळी कोण फिरवत बसणार? वेळ वाचला. असा विचार करणाऱ्यालाच चीफ म्हणतात.

२४ मार्च
गॅस आणखी कमी. मेहुण्याचं काम निकृष्ट असल्याची कंपनीला मेल टाकली. बायको जेवायला वाढते, पण ताट आपटून. सासूबाईंचा फोन आला, पोरगा रडवेला झालाय म्हणाल्या. अंडं खाताना नव्हता झाला.

दुपारी
ऑपरेटरांना कामाला लावलं. प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की समजायचं गॅस तिथून गळतोय. तासभर फेस करून सगळी जमीन निसरडी केली नालायकांनी. बुडबुडा एक नाही. एकाने विचारलं, सर्व्हिस व्हॉल्व्हला लावू का? म्हटलं, तिथे रोज माझा हात असतो, तिथे कसली आलीय गळती! डोकी नाहीत लोकांना.

१ एप्रिल
गेज आता दिवसातून तीनदा. तरी गॅस उतरतोच. आपल्याच माणसांतला कुणीतरी चोरतोय की काय? दोन्ही ऑपरेटरांवर पाळत ठेवायला हवी.

६ एप्रिल
चिलर ट्रिप होऊन बंद. लो प्रेशर. भर दुपारी सगळे मजले तापले. लिफ्टमध्ये घामाचा असा वास की जिन्याने गेलो. मॅडम फाइलने वारा घेत स्वतः तळघरात उतरल्या. मेहुण्याला बोलावलं. त्याने सगळं सोडून थेट सर्व्हिस व्हॉल्व्हला साबण लावला. दाढीला यावा तसा फेस आला. व्हॉल्व्हची पिन झिजलीय म्हणाला, आणि गळती अडवायला वर टोपणंही नाहीत. सारखा गेज कोण लावतं, असं विचारलं. दोन्ही ऑपरेटरांनी मोबाइलमधून तोंडं वर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. इतकं लक्ष त्यांनी कामात दिलं असतं तर!
माझं म्हणणं, गळती सापडली ती मी रोज तपासत होतो म्हणूनच. मॅडम फाइल मिटून वर गेल्या. पटलं असावं.

१५ एप्रिल
मॅडमनी मेहुण्याला केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ. खरडपट्टी काढत असणार. वाईट वाटलं, पण थोडंच. चीफच्या केबिनचा पडदा बदलून घ्यायला हवा, त्याला तंबाखूचा वास मारतो.

३० एप्रिल, संध्याकाळी
चीफसाहेबांचा निरोप समारंभ. नव्या शर्टात, पहिल्या रांगेत बसलो होतो. भाषणाचे चार मुद्दे पाठ होते. मॅडमनी नवे चीफ म्हणून मेहुण्याचं नाव घेतलं. सर्व्हिस कंपनी सोडून उद्यापासून इथे. टाळ्या वाजवल्या. सगळे बघत होते, काय करणार?
घरी बायको म्हणाली, तोंड कशाला पाडता, खुर्ची घरातच आली ना? मेहुणा जेवायलाच थांबला होता. पाया पडला, भाऊजी आशीर्वाद द्या म्हणाला. दिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, घरात काहीही म्हणा, पण प्लँटवर ऑपरेटरांसमोर अरे-तुरे नको. मग काय म्हणायचं, मी विचारलं. त्याला सांगायला लाज वाटत होती. बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं, सर म्हणायचं.