रबरं ठीक

माउन, १४ ऑक्टोबर

प्रिय ओत्सिले,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. कामाचं निमित्त सांगणार होते, पण ते खरं नाही.

आज तुझ्या जुन्या विमानाची, इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरं बदलली. बदलली कसली, त्यांनीच आम्हाला पिळून काढलं. इंजिन साखळीने टांगलं, तीन बोल्ट मुकाट बसले आणि चौथा केसभर अडून राहिला. साखळी ओढली की भोक वर निसटायचं, सोडली की खाली. डिखांगकाका इंजिनाला खांदा लावून ओरडत होते, "अगं, बघतेस काय, घाल ना! माणसाचा खांदा आहे, बैलाचा नाही!" पत्र्याखाली चाळीस अंश. त्यात मालक रा सेलेका दर अर्ध्या तासाला दारात: "झालं का बाई? की पाहुण्यांना कॅम्पवर चालत पाठवू?" शेवटी मीही म्हटलं, "पाठवा, वाटेत सिंह आहेतच सोबतीला." चार वाजता बोल्ट बसला. कशामुळे, देव जाणे.

मार्चमध्ये तू म्हणाला होतास, "ताई, इंजिन थरथरतंय, पायांना मुंग्या येतात." मी बॅटरी घेऊन वाकले. रबर काळंभोर, चीर नाही. नोंदवहीत लिहिलं, 'रबरं ठीक'. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "विमान उतरवतोस की पोतं टाकतोस?" सगळे हसले, मालकही. आठवड्याने 'हात जड आहे' म्हणत त्यांनी तुला विमानावरून काढलं आणि तू कसानेला ट्रक चालवायला गेलास. जूनमध्ये नव्या वैमानिकाने तुझीच तक्रार केली. मी त्याच दिवशी रबरं मागवली; ती या आठवड्यात आली.

आज इंजिनाचा भार उतरला आणि जुन्या रबरांनी तोंडं उघडली. नख आत जाईल एवढ्या चिरा. भाराखाली त्या मिटलेल्या असतात, म्हणून इंजिन उचलून पाहायचं, हे मीच नव्यांना शिकवते. चिरा नंतर पडल्या असतील, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण आत जुनी धूळ घट्ट बसली आहे. डिखांगकाकांनी ती नखाने उकरून मला दाखवली. मार्चमध्ये मी इंजिन का उचललं नाही? दोन तास वाचवायला? की तक्रार धाकट्या भावाची होती म्हणून? दुसरं उत्तर खरं असावं, अशी भीती वाटते. कदाचित माझा परवाना जाईल. तू परत ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. तुझा हात जड नव्हता, एवढं मात्र दुसऱ्या कुणाच्या आधी तुला कळावं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
बोइनेलो

ता. क. उद्या सकाळच्या चहाला, मालकांसह सगळ्यांसमोर, हे मी सांगणार आहे.