तांब्या घेऊन फिरायला

रोहणा,
१२ जानेवारी १९७९

ती. कोकिळाताईस,

धाकट्या रूपरावचा सा. न. वि. वि. देवाच्या दयेने घरचे सगळे बरे आहेत. माझे तेवढे खाली लिहितो.

आर्वीच्या डॉक्टरांना माझ्या लघवीत साखर सापडली. तुझी भावजय भागीरथा म्हणते की बोलण्यात कधी नव्हती, निघाली कुठे तर इथे! डॉक्टरांनी गोड बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ भरभर चालायला सांगितले. मी म्हणालो की मी शेतकरी माणूस, मला चालणे काय शिकवता? त्यांनी विचारले की शेतात कसे जाता. बैलबंडीत बसून जातो आणि धुऱ्याच्या बांधावर बसून मुलाला हुकूम सोडतो, असे खरे ते सांगितले. त्यांनी चिठ्ठीवर ‘चालणे’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

बाबा पन्नाशीच्या आत गेले, दादाही. रामनवमीच्या आदल्या दिवशी माझी पन्नाशी भरेल. मी हसण्यावारी नेतो, पण देवापुढे बसलो की तेवढेच मागतो. म्हणून चालतो.

पण पहिल्याच पहाटे लोकांनी अडवून विचारले की काऊन भाऊ, कोन गेलं? दुसऱ्या दिवशी विचारले की घरी भांडण झालं का. तब्येतीसाठी चालणारा माणूस आपल्या गावाने पाहिलेलाच नाही. म्हणून आता हातात पाण्याचा तांब्या धरतो. तांब्या दिसला की कुणी काही विचारत नाही. एवढी अक्कल आजवर कुठे दडून बसली होती कोण जाणे!

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रूपराव


पिपरी मेघे,
३ फेब्रुवारी १९७९

चि. रूपरावास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. काल तुह्या गावचे मधुकरराव आलते. म्हणे, रूपरावचं काही खरं नाई. हगवण लागली, दिवसातून दोनदा तांब्या घेऊन पळत सुटते, थेट नाल्यापलीकडे. वाळूनबी गेला. शेजारच्या देवकाबाईनं बेलाचा मुरंबा देल्ला अन् तू तो खाल्ला म्हणे! साखर निघालेल्या माणसानं मुरंबा!

आता तुहं पत्र खरं का गाव खरं, मले समजत नाई. बाबाईनंबी दुखणं असंच हसून लपवलं होतं. माह्या माहेरी आता तूच एक उरला. तू गेला तर मी रोहण्याच्या एस्टीत कोनासाठी बसू? तो तांब्या ठेवून दे अन् गावाले खरं सांग. तुले लाज वाटत असन, तर मीच येऊन देवळात सांगीन.

भागीरथेले आशीर्वाद. जिवाले जप, म्हणजे आमच्यावर लोभ केल्यासारखंच आहे.

तुझी,
ताई


रोहणा,
७ एप्रिल १९७९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला; आधी धीर गोळा करावा लागला. मुरंबा खाल्ला हे खरे. देवकाबाई इतक्या मायेने समोर उभी राहिली की नाही म्हणायला साखर सांगावी लागली असती.

शेवटी एकादशीच्या भजनानंतर मारुतीच्या देवळात सांगून टाकले की मला हगवण नाही, मी जगण्यासाठी चालतो. बाबा गेले, दादा गेले, आणि मला भीती वाटते. मंडळी पोट धरून हसली. भजनातला नत्थूजी म्हणाला की तुह्यासाठी मी मारुतीले नारळ बोलून ठेवला, तो आता कोन फोडन? हसणे थांबले, पण उठून घरी कुणी जाईना. मग त्यानेच हळूच विचारले की पहाटे कितीले निंघतं. त्याचाही बाप असाच लवकर गेला होता, हे माझ्या ध्यानातच नव्हते.

आता आम्ही पाच जण रिकाम्या हातांनी चालतो. सगळ्यांत हळू मी, आणि माझा मान राखून कुणी पुढे जात नाही. त्यामुळे पाचही जणांच्या भरभर चालण्याचा खोळंबा माझ्यापायी होतो.

रामनवमीच्या आदल्या दिवशी जाग आली, पण मी डोळे मिटून तसाच पडून राहिलो. उघडायची हिंमत होईना. तेवढ्यात दारातून नत्थूजी ओरडला की रूप्या, जिता असशीन तर निंघ, उजाडलं!

मी निघालो.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तशीच रागावत राहा, तेवढे मागणे.

तुझा,
पन्नाशीपलीकडचा रूपराव