कलमाचा चाकू आणि काचेची पेटी

मी, खाली सही करणारा रोपवाटिकावाला, वय पन्नाशीला टेकलेले, उद्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. राग आहे, परंतु राग म्हणजे वेड नव्हे, हे डॉक्टरांनाही मान्य आहे.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि रोपवाटिका माझ्या पत्नीची. ठेवायचे की विकायचे, ते तिने ठरवावे. सल्ला द्यायला कोणी येऊ नये. विशेषतः माझ्या थोरल्या भावाने.

२. कात्र्या, झाऱ्या आणि फवारणीचा पंप माळ्याला. गंजलेली करवतही त्यालाच. पावसात ती तोच विसरला होता.

३. आता कलमाचा चाकू. तो पणजोबांनी मोडक्या विळ्यातून स्वतः घडवला. ते परगावी असताना शेजाऱ्याने बांधाच्या भांडणातून त्यांची संत्र्याची बाग तोडली. पणजोबा हाच चाकू घेऊन त्याच्या घराकडे निघाले. वाटेत तोडलेल्या फांद्या पडल्या होत्या, अजून हिरव्या. ते तिथेच बसले, त्या वाळायच्या आत त्यांवरचे कोंबाचे डोळे काढले आणि नव्या खुंटांवर, म्हणजे मुळे धरलेल्या रोपांवर, भरले. त्यातले पहिले झाड त्यांनी शेजाऱ्याच्या दारात लावले. या पात्याला माणसाचे रक्त लागलेले नाही.

हा चाकू दादाने हॉटेलच्या उद्घाटनापुरता मागून नेला. परत आणायला गेलो, तर तो गल्ल्यामागे काचेच्या पेटीत, आणि दादा गिऱ्हाइकांना सांगतोय, "आमच्या पणजोबांनी याने माणूस उभा चिरला होता!"

मी पाते पाहिले. "दादा, हे काय केलंस? याची एक बाजू सपाट असते."

"अरे, बोथट होती ती. मशीनवर दोन्हीकडून धार लावून आणली. आभार मान!"

"आता काप सपाट येणार नाही. डोळा सालीला बसणार नाही, वाळेल."

"मग बाजारातून नवा घे की. हा थोरल्याकडेच शोभतो."

पणजोबांना खुनी केले आणि चाकूला खेळणे. हा राग जावा म्हणून रोज सकाळी देवापुढे हात जोडतो. अजून गेलेला नाही.

४. चाकू मी पेटीसकट उचलून आणला. त्यावर थोरलेपणाचा हक्क चालणार नाही; वडिलांनी तो कलमे करतो म्हणून मला दिला. तो माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्याच मुलीला, द्यावा. पाते पाहून ती एवढेच म्हणाली होती, "काका, दगड कुठंय?" तेव्हापासून ती बिघडलेली बाजू दगडावर घासते आहे. निम्मी सपाट झाली आहे. उरलेली तिने पुरी करावी.

५. काचेची पेटी दादाला परत. रिकामी.

६. चाकू पुन्हा कलमाजोगा झाला की पुतणीने केलेले पहिले कलम दादाच्या हॉटेलच्या दारात लावावे. मी क्षमा केली, असे त्या वेळी कोणी बोलू नये. पणजोबा त्या शेजाऱ्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. त्याच्या दारातल्या झाडाला पाणी घालायला मात्र रोज जात असत. मी वाचलो, तर मीही जाईन.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. रागाचे एकही वाक्य खोडलेले नाही.

सही: रोपवाटिकावाला
साक्षीदार: १. माझे डॉक्टर २. आमचा पोस्टमन
ठिकाण: रोपवाटिका, खुंटांच्या वाफ्याशेजारी
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सकाळची पूजा आटोपून