फ्रेमचा तडा

४ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोनवर हा विषय काढला की नेमकं तुझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणून पत्र. आधी ऐकून घे, मग काय ते रागव. माळ्यावरची तुझ्या शर्यतीच्या सायकलची कार्बनची फ्रेम मी रंगाऱ्याकडे नेऊन दिली. तुझ्या भाचीची ऑक्टोबरात पहिली शर्यत आहे आणि तिला मामाचीच सायकल हवी. नवी दाखवली तर नाक मुरडते.

फ्रेमला तडा गेला म्हणून तू उतारावर पडलास, हे नऊ वर्षं ऐकतेय. म्हणून रंगाऱ्याला आधीच बजावलंय, जुना रंग काढून तडा बघ, मगच नव्याला हात घाल. बाकी आम्ही मजेत. जेवणाच्या वेळा पाळतोस का?

लोभ आहेच, राग येऊन गेला की कळव.
तुझी, ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणजे कमाल आहेस! मला न विचारता? रंग काढायचं रसायन लावलं तर कार्बनची वाट लागेल, आणि गाड्यांसारखं भट्टीत तापवलं तर संपलंच. हाताने, पॉलिश पेपरने, पाणी लावून घासायला सांग. खरं तर काहीच सांगू नकोस, फ्रेम परत आण. पुढच्या नळीवर तडा आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. पोरीला त्यावर बसवायचं नाही म्हणजे नाही. तिला मी नवी घेऊन देतो.

जेवतो वेळेवर. रागावलोय, तरी नमस्कार आहेच.
तुझा, भाऊ

१८ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र रंगाऱ्याला वाचून दाखवलं. तो गालातल्या गालात हसला. चार दिवस तो हातानेच घासत होता बिचारा. मग मला जवळ बोलावलं. तू म्हणतोस ती रेघ नुसत्या रंगात होती. खाली कार्बनची वीण चटईसारखी अखंड. त्याने नाण्याने सगळी नळी ठोकून ऐकवली. मोडलेल्या जागी आवाज बद्द येतो म्हणे, इथे सगळीकडे खणखणीत. तरी माझं समाधान होईना, म्हणून यंत्रावरही तपासून आणली.

तडा नव्हता, भाऊ. मी काही विचारत नाही. रंग कोणता द्यायचा तेवढं कळव, तो खोळंबलाय.

माया होती तशीच आहे.
तुझी, ताई

२५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. दुकानात एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला.

तडा नव्हता हे मला ठाऊक होतं. त्या उतारावर माझी पाचावर धारण बसली आणि ऐन वळणात मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. पडल्यावर रंगातली ती रेघ दिसली आणि देवाशपथ सांगतो, हायसं वाटलं. बाबा शेवटपर्यंत फ्रेम बनवणाऱ्यांना शिव्या घालत राहिले आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. त्याची फार लाज वाटते, ताई.

भाचीला खुशाल सांग, मामा भित्रा आहे. रंग तिलाच विचार. सायकल तिची.

पूर्वीसारखा जीव लावशील ना?
तुझा, भाऊ

१ जुलै

चि. भाऊस,
अ. उ. आ.

वेड्या, त्या दिवशी त्या वळणावर तुझी पाण्याची बाटली घेऊन मीच उभी होते. तुझा चेहरा पाहिला होता, ब्रेक दाबलेला हातही. तू फ्रेमचं नाव घेतलंस तेव्हा वाटलं, पाय प्लास्टरमध्ये आहे, सध्या एवढा आधार असू दे. पण त्या आधारापायी तू सायकलच सोडशील असं वाटलं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. चूक माझीही आहे.

तुझं पत्र पोरीला वाचायला दिलं. तिने पिवळा रंग सांगितला. भडक आहे, पण शोभतोय. दोन हात झाले, वरचं पारदर्शक वार्निश उद्या.

मामा भित्रा आहे, यावर मात्र ती खूश झाली. म्हणाली, न घाबरणारे तिच्या क्लबात पंधरा जण आहेत आणि वळणाआधी ब्रेक कुठे सोडायचा, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येत नाही. येत्या रविवारी सकाळी ती त्याच उताराच्या माथ्यावर तुझी वाट बघणार आहे. तू आल्याशिवाय खाली उतरणार नाही म्हणते.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समक्ष ये.
तुझी, ताई