घाटातली बाभळ

पाटोदा. गुरुवार, पौष वद्य चतुर्थी.

विहिरीवर बसवायचं तेलाचं इंजिन सुखरूप पोचलं. तरी मन स्वस्थ नाही.

मोटारीमागे गाडा जोडून ते आणलं. घाटमाथ्यावर महादबा गाडीवान म्हणाला, “मालक, गाड्यामागं बाभळ बांधा. फरफटत येती, उताराला गाडा धरून ठेवती.”

बैलगाडीचे उपाय मोटारीला कशाला, म्हणालो. ब्रेक आहे.

“ब्रेक मोटारीला हाय. गाड्याला कुठं हाय?”

तरी ऐकलं नाही. झाड ओढत गावात शिरायचं? लाज वाटली, दुसरं काही नाही. आणि महादबा त्याच गाड्यावर बसला होता.

पहिल्याच उतारावर गाड्यानं मोटार पुढे ढकलली. ब्रेक दाबूनही थांबेना. डोंगराच्या अंगाला घासून कशीबशी थांबवली. महादबानं उतरून बाभळ तोडली, गाड्यामागं बांधली. मग सावकाश खाली आलो.

गावात तहसिलीचे पेशकार, तहसीलदारांच्या हाताखालचे अधिकारी, ती बाभळ बघत राहिले. “कोणाची ही अक्कल?”

“माझी,” मी म्हणालो. का म्हणालो?

महादबा शेजारीच दोर सोडत होता. “मालकाचं डोकं लई चालतं,” एवढंच तो पेशकारांना म्हणाला. हसला नाही.